पुढचा भाग नाही

मराठीत मालिका एकाच तऱ्हेने थांबत नाही. ती संपते, बंद पडते, बंद केली जाते किंवा गुंडाळली जाते. हा फरक वाहिन्यांच्या प्रसिद्धिपत्रकांत दिसणार नाही, पण घरातल्या बोलण्यात तो नीट पाळला जातो. 'संपली' म्हणजे गोष्ट पुरी झाली. 'बंद पडली' म्हणजे एखाद्या गिरणीसारखी चालेनाशी झाली. 'गुंडाळली' म्हटलं की घाई आली, आणि घाई करायला लावणारा कोणीतरी आला. अमेरिकन टीव्हीच्या व्यवहारात मात्र यातल्या बहुतेक प्रकारांना सर्रास 'कॅन्सल' म्हणतात, गाडीचं आरक्षण रद्द व्हावं तसं. अनुवाद करताना या एका शब्दासाठी दर वेळी थांबावं लागतं. नेमकं काय झालं होतं, हे कळल्याशिवाय मराठी क्रियापद सुचत नाही.

इथे मला लिहायचं आहे ते भर वाक्यात तुटलेल्या अमेरिकन मालिकांबद्दल. बंदुका रोखलेल्या आहेत, बँकेत स्फोट झाला आहे, नायक आरशासमोर उभा आहे, आणि पुढचा भाग नाही. प्रेक्षक याला दुर्दैव म्हणतात, किंवा चॅनेलवाल्यांचा नतद्रष्टपणा. दोन्ही थोडं थोडं खरं आहे. पण इतक्या मालिका एकाच ठिकाणी फाटतात, तेव्हा शिवणच तिथे कच्ची घातलेली असते. लटकता शेवट ही अमेरिकन टीव्हीने जाणूनबुजून लावलेली पैज होती, आणि आपण हळहळतो त्या हरलेल्या पैजा आहेत, असं माझं मत होत गेलं आहे.

छापील 'क्रमशः'चा इतिहास आपल्या ओळखीचा आहे. हरि नारायण आपट्यांनी १८९० मध्ये 'करमणूक' सुरू केलं आणि 'पण लक्षात कोण घेतो?' त्यात हप्त्याहप्त्याने येऊ लागली. हरिभाऊंच्याही काही कादंबऱ्या अपूर्ण राहिल्या, पण 'करमणूक'चे संपादक तेच होते. त्यांच्या हातून लेखणी काढून घेणारं तिथे कोणी नव्हतं. हिंदीत देवकीनंदन खत्रींचा 'भूतनाथ' १९१३ मध्ये त्यांच्या निधनामुळे अडला, तर मुलगा दुर्गाप्रसाद यांनी तो पुढे नेऊन पुरा केला. डिकन्सच्या 'एडविन ड्रूड'चे बारा हप्ते ठरले होते. सहा लिहून १८७० च्या जूनमध्ये तो गेला आणि खुनी कोण, मुळात खून झाला का, यावर लोक दीडशे वर्षं वाद घालत आहेत. या साऱ्या ठिकाणी गोष्ट अडली ती लेखकापाशी. टीव्हीने नवा प्रकार आणला. लेखक धडधाकट आहे, पुढचं त्याच्या डोक्यात आहे, ऐकणारेही लाखांनी आहेत, आणि तरी गोष्ट थांबते, कारण ती जिथे मांडायची ती वेळ त्याच्या मालकीची नाही.

सुरुवातीला अमेरिकन टीव्हीला शेवटाची गरजच वाटत नव्हती. डॉक्टर, वकील, शेरीफ यांच्या मालिकांत दर आठवड्याला एक प्रकरण उघडायचं आणि तासाभरात मिटायचं. मालिका थांबली तरी काही लोंबकळत राहायचं नाही. शिवाय जुने भाग पुढे गावोगावच्या स्थानिक केंद्रांना पुनःप्रक्षेपणासाठी विकले जायचे, आणि ते कोणत्याही क्रमाने दाखवता येणं हा त्यांचा गुण मानला जायचा. शेवट माहीत असलेली गोष्ट पुन्हा कोण बघणार, असा धंद्याचा हिशेब होता.

त्याला पहिला मोठा धक्का दिला तो 'द फ्युजिटिव्ह'ने. बायकोच्या खुनाचा खोटा आळ आलेला डॉक्टर रिचर्ड किंबल पोलिसांना चुकवत एका हाताच्या माणसाचा शोध घेत फिरतो, अशी ही एबीसीवरची गोष्ट १९६३ पासून चालली होती. १९६७ मध्ये ती थांबवायचं ठरलं, तेव्हा वेगळा शेवट करण्याची चॅनेलच्या वरिष्ठांना गरज वाटत नव्हती. लेनर्ड गोल्डबर्ग या त्यांच्याच अधिकाऱ्याने तो धरून लावला. २२ आणि २९ ऑगस्टला दोन भागांत शेवट दाखवला गेला. ऑगस्ट म्हणजे तिथे जुने भाग फिरवण्याचा मोसम, आणि तरी त्या रात्रीचा प्रेक्षकांचा विक्रम तेरा वर्षं टिकला. योगायोग असा की फ्रँक कर्मोडचं 'द सेन्स ऑफ ॲन एंडिंग' त्याच वर्षी छापून आलं. तौलनिक साहित्याच्या वर्गात आम्ही ते भक्तिभावाने वाचलं होतं. घड्याळाच्या 'टिक'नंतर आपला कान 'टॉक'ची वाट बघतो, आणि कथेचा आकार या वाट बघण्यातून येतो, अशी त्याची मांडणी. कर्मोडने अमेरिकन टीव्हीचा विचार केला असता तर 'टिक' विकून पैसे मिळवणारा एक अख्खा उद्योग त्याला दिसला असता.

तेरा वर्षांनी तो विक्रम मोडला 'डॅलस'ने, आणि तोही उलट्या बाजूने. टेक्ससच्या तेलसम्राटांची ही कहाणी सीबीएसवर जोरात चालली होती. मोसमाच्या शेवटी चॅनेलने ठरल्यापेक्षा जास्त भाग मागितले, आणि लेखकांनी २१ मार्च १९८० च्या भागात सगळ्यांच्या शत्रूला, जे. आर. युइंगला, गोळी घातली. कोणी, ते दाखवलं नाही. त्यातच उन्हाळ्यात कलाकारांचा संप झाला आणि उत्तर लांबलं. २१ नोव्हेंबरला ते मिळालं, तेव्हा अमेरिकेत आठ कोटींहून जास्त लोक टीव्हीसमोर बसले होते. मधल्या आठ महिन्यांत जे. आर.च्या नावाने टी-शर्ट निघाले, पैजा लागल्या. लोकांना तेवढे महिने टांगून ठेवता येतं आणि ते परत येतात, हा शोध चॅनेलांना लागला. त्यानंतर मोसमाचा शेवट दाराशी टांगून ठेवणं ही रीतच झाली. 'डायनॅस्टी'ने १९८५ मध्ये एका लग्नात अख्ख्या वऱ्हाडावर गोळीबार करवला.

पण 'डॅलस'ला पुढचं वर्ष मिळणार हे कोणालाही दिसत होतं. इतरांचं तसं नव्हतं. तिथला मोसम सप्टेंबरात सुरू होतो आणि मे महिन्यात संपतो. मोसमातला शेवटचा भाग मार्च-एप्रिलात चित्रित होतो. पुढच्या वर्षी कोण राहणार आणि कोण जाणार, हे मात्र मेच्या मध्यावर ठरतं. तेव्हा न्यूयॉर्कमध्ये सगळी चॅनेलं जाहिरातदारांना बोलावून नवं वेळापत्रक मांडतात. म्हणजे शेवट लिहिणाऱ्याला तो शेवट आहे का, हेच माहीत नसतं. सगळे धागे बांधून टाकले तर चॅनेलला वाटणार, यांच्याकडे सांगायला काही उरलं नाही. बंदूक रोखून ठेवली तर निदान एक कारण तरी उरतं: लोक विचारतील, पुढे काय झालं? त्यामुळे मालिका जितकी डळमळीत, तितकी तिच्या शेवटच्या भागात बंदूक ठेवण्याचा मोह जास्त.

या मोहामागे पैशाची आणखी एक गोष्ट आहे. चॅनेल स्टुडिओला दर भागामागे जे शुल्क देतं, त्यातून निर्मितीचा सगळा खर्च सहसा निघत नाही. तूट स्टुडिओ सोसतो, पुढे पुनःप्रक्षेपणाच्या विक्रीत ती भरून निघेल या आशेवर. आणि त्या बाजारात उभं राहायला शंभराच्या आसपास भाग हवेत असा जुना संकेत होता. चौथं-पाचवं वर्ष मिळणं म्हणजे तोट्यातून फायद्यात जाणं. १९७० च्या दशकापासून अमेरिकन नियमांनी चॅनेलांना या पुनर्विक्रीपासून बरंचसं दूर ठेवलं होतं. १९९० च्या दशकात ते नियम गेले, आणि मग आपल्याच कंपनीची मालिका ठेवावी, दुसऱ्याची काढावी, हा नवा हिशेब सुरू झाला. प्रेक्षकाला यातलं काहीच दिसत नाही. त्याला दिसतो फक्त आरशासमोरचा नायक.

हरलेल्या पैजांतली जुनी आणि मला सर्वात आवडणारी म्हणजे 'सोप'. सुझन हॅरिसने लिहिलेली ही विनोदी मालिका रडक्या दुपारच्या मालिकांची टर उडवायची. दर भागाच्या शेवटी निवेदक गंभीर आवाजात प्रश्न विचारायचा, याचं काय होईल, तिचं काय होईल, आणि उत्तरं पुढच्या भागात मिळतील म्हणून सांगायचा. १९७७ मध्ये ती एबीसीवर येण्याआधीच चॅनेलकडे निषेधाची सुमारे ३२,००० पत्रं आली होती. काही केंद्रांनी ती दाखवलीच नाही, जाहिरातदार बिचकले. हॅरिसच्या मनात पाच वर्षांचा आराखडा होता, चार मिळाली. १९८१ च्या एप्रिलमध्ये शेवटचा भाग आला. जेसिका टेट दक्षिण अमेरिकेतल्या एका काल्पनिक देशात गोळीबार पथकासमोर उभी आहे, बंदुकांचा आवाज होतो, बस्स. 'पुढे काय' या प्रश्नाची चार वर्षं थट्टा करणारी मालिका त्याच प्रश्नावर तुटली. दोन वर्षांनी याच मालिकेतून फुटलेल्या 'बेन्सन'मध्ये जेसिका भुतासारखी एका भागापुरती येऊन गेली.

इतर काही थोडक्यात. लहान मुलांचा लाडका केसाळ परग्रहवासी 'आल्फ' १९९० च्या मार्चमध्ये सरकारी पथकाच्या हाती सापडला, खाली 'क्रमशः' आलं, आणि एनबीसीने मालिका पुढे नेली नाही. सहा वर्षांनी दुसऱ्याच चॅनेलने एक चित्रपट काढला, त्यात ज्या कुटुंबात तो राहायचा ते कुटुंबच नव्हतं. ते लोक आइसलंडला गेल्याचं सांगून वेळ मारून नेली. 'क्वांटम लीप'चं तर काय सांगावं! काळात उड्या मारणारा सॅम बेकेट घरी पोचेल का, हा पाच वर्षांचा प्रश्न. १९९३ मध्ये मालिका बंद होणार हे पक्कं झालं, तेव्हा तयार असलेल्या भागाच्या शेवटी काळ्या पडद्यावर ओळी जोडल्या: तो कधीच घरी परतला नाही. त्या पाटीवर त्याच्या आडनावाचं स्पेलिंगही चुकलेलं आहे. मुद्रितशोधनात आयुष्य घालवणाऱ्या माणसाला मालिका बंद झाल्यापेक्षा हे जास्त लागतं.

'ट्विन पीक्स'चं प्रकरण वेगळं, कारण तिथे चॅनेलने आधी उत्तर काढून घेतलं आणि मग मालिका बंद केली. ८ एप्रिल १९९० ला ती एबीसीवर सुरू झाली तेव्हा पहिलाच भाग साडेतीन कोटींच्या आसपास लोकांनी पाहिला. लॉरा पामरला कोणी मारलं? डेव्हिड लिंचला हे लवकर सांगायचं नव्हतं. चॅनेलला प्रेक्षक कंटाळतील अशी भीती होती. दबाव वाढला, नोव्हेंबरात खुनी उघड झाला आणि मालिकेखालची जमीनच सरकली. तोवर तिला शनिवारी रात्री ढकललं होतं, जेव्हा तिचा तरुण प्रेक्षक घरी नसायचा. १९९१ च्या फेब्रुवारीत ती बेमुदत थांबवली, चाहत्यांनी संघटना काढून पत्रांचा पाऊस पाडला, उरलेले भाग कसेबसे दाखवले गेले. १० जूनच्या शेवटच्या भागात लिंचने हाती आलेली संहिता बाजूला ठेवून बरंच आपल्या मनाचं केलं. सज्जन एजंट कूपरच्या शरीरात दुसरंच कोणी शिरलं आहे, आरशात ते दिसतं, आणि संपलं. २०१७ मध्ये शोटाइमने लिंचला अठरा भाग दिले, हवं ते करायची मुभा दिली. आणि त्याने तेही एका प्रश्नावर आणि एका किंकाळीवर संपवले. लटकता शेवट लिंचला नकोसा नव्हताच. चॅनेलने लादलेला आणि त्याने निवडलेला, यांतला फरक त्याने दाखवून दिला.

जाहिरातींवर सगळा दोष टाकणाऱ्यांनी 'डेडवुड' बघावी. एचबीओ जाहिराती घेत नाही, वर्गणीवर चालतं. डेव्हिड मिल्चने तिथे १८७६-७७ च्या डाकोटातली सोन्याची वसाहत उभी केली. कायदा नाही, सरकार नाही, आणि तिथले लोक एकमेकांचे गळे धरत, शिव्या देत हळूहळू गाव होतात. शिव्या आणि जुन्या वळणाची भारदस्त वाक्यरचना यांचं ते मिश्रण अनुवादाला जवळजवळ अशक्य आहे. मी दोनदा प्रयत्न करून सोडून दिला. मिल्च ऐनवेळी लिहायचा, चित्रीकरणाच्या जागी पानं बदलायचा, जमिनीवर पडून संवाद सांगायचा. खर्च मोठा होता, आणि मालिका एकट्या एचबीओची नव्हती, पॅरामाउंटही भागीदार होतं. खर्च आपला आणि मिळकतीत वाटेकरी, हे एचबीओला जड जात होतं. २००६ मध्ये चौथ्या पर्वासाठी बारा भागांऐवजी सहा देऊ केले. मिल्चने ते नाकारले. मग दोन चित्रपटांचं आश्वासन दिलं गेलं. तिसरं पर्व दिसायला लागण्याआधीच ते शेवटचं असल्याची बातमी फुटली होती, म्हणजे लोक मालिका बघत होते ती तिच्या सुतकातच.

त्या पर्वाच्या शेवटी खाणसम्राट जॉर्ज हर्स्ट एका बाईचा जीव मागतो. गावाला वाचवायला गुत्तेवाला स्वेरेंजन तिच्यासारखी दिसणारी दुसरीच मुलगी मारून तिचा मृतदेह पुढे करतो. हर्स्ट निघून जातो. स्वेरेंजन गुडघ्यावर बसून लाकडी फरशीवरचं रक्त घासतो आहे. त्याचा माणूस जॉनी येऊन विचारतो, तिला त्रास झाला का. तो तुटक उत्तर देतो, आणि जॉनी गेल्यावर पुटपुटतो की याला माझ्याकडून काहीतरी गोड ऐकायचंय. हे मुळात शेवट म्हणून लिहिलेलं नव्हतं. तरी मला ठरवून केलेल्या कित्येक शेवटांपेक्षा ते खरं वाटतं.

एक गोष्ट मात्र एचबीओच्या हाती नव्हती. खरं डेडवुड १८७९ च्या सप्टेंबरात आगीत बरंचसं जळालं आणि लोकांनी ते पुन्हा बांधलं. खरा हर्स्ट अमेरिकन सिनेटर होऊन मेला. मालिका बंद केली तरी गावाचा पुढचा इतिहास ग्रंथालयात होताच. कबूल केलेल्या दोन चित्रपटांपैकी एक तेरा वर्षांनी, ३१ मे २०१९ ला आला. गोष्ट १८८९ मधली, म्हातारी झालेली पात्रं, म्हातारे झालेले नट. पॉवर्स बूथ तोवर गेला होता. मिल्चला अल्झायमर झाल्याचं त्याच सुमारास जाहीर झालं. ज्याच्या स्मरणावर अख्खी वसाहत उभी होती, त्याने तिचा शेवट लिहिला तो स्मरण निसटत असताना.

आपल्याकडे हा प्रकार इतका का दिसत नाही, असा प्रश्न मला गुजरातीत आणि बंगालीत काम करणाऱ्या मैत्रिणी विचारतात. त्याचं उत्तर चित्रीकरणाच्या गतीत आहे. दूरदर्शनच्या काळात तेरा-तेरा भागांची मंजुरी मिळायची, गोष्ट त्या मापात बेतली जायची. पुढे रोजच्या मालिका आल्या. त्यांचं चित्रीकरण प्रक्षेपणाच्या जेमतेम काही दिवस पुढे असतं. टीआरपी घसरला आणि चॅनेलने सांगितलं की दोन-तीन आठवड्यांत आटोपा, तर आटोपता येतं. मग खलनायिका एका भागात सुधारते, स्मृती गेलेल्याला सगळं आठवतं, आणि शुक्रवारी सगळे आरतीला उभे राहतात. अमेरिकेत मालिका तुटते, आपल्याकडे ती गुंडाळतात. याला अपवाद झाला तो २०२० चा. मार्चमध्ये चित्रीकरणं थांबली आणि 'बेहद २', 'पटियाला बेब्स' अशा काही हिंदी मालिका टाळेबंदीनंतर परतल्याच नाहीत. तिथे गुंडाळायलाही वेळ मिळाला नाही.

स्ट्रीमिंग आलं तेव्हा वाटलं होतं, मे महिन्याची टांगती तलवार गेली. तलवार गेली नाही, तिचा महिना गेला. नेटफ्लिक्सने 'ग्लो' या महिला कुस्तीगिरांच्या मालिकेला चौथं आणि शेवटचं पर्व देऊ केलं होतं. त्याचं चित्रीकरणही सुरू झालं होतं. ऑक्टोबर २०२० मध्ये साथीचं कारण देऊन ते मागे घेतलं; अंगाला अंग भिडवायचा खेळ, सांभाळून चित्रित करायचा खर्च परवडेना. एचबीओने 'वेस्टवर्ल्ड' २०२२ मध्ये चार पर्वांवर थांबवली आणि दीडेक महिन्यात आपल्या सेवेवरून आधीचे भागही काढले. निदान 'सोप'च्या काळात झालेलं पुसलं जात नव्हतं.

आणि '१८९९'. बारान बो ओडार आणि यांत्ये फ्रीझे या जर्मन जोडीची ही मालिका १७ नोव्हेंबर २०२२ ला आली. न्यूयॉर्कला निघालेल्या जहाजावर जर्मन, स्पॅनिश, फ्रेंच, पोर्तुगीज, पोलिश, डॅनिश, जपानी, कँटोनीज बोलणारे लोक आहेत, आणि ते खरोखर आपापल्या भाषेतच बोलतात. समोरच्याला कळत नाही, तरी दोघं बोलत राहतात, कधीकधी मनातलं सगळं सांगून टाकतात. आपल्यासारख्या बहुभाषी नियतकालिकाच्या वाचकांसाठीच जणू केलेली. तीन पर्वांची आखणी होती. पहिल्याच्या शेवटी कळतं की ते जहाज खरं नव्हतं. नायिका २०९९ मध्ये एका अंतराळयानात जागी होते आणि भावाचा संदेश तिचं स्वागत करतो. भाऊ स्वतः येत नाही. दीड महिन्यात, २ जानेवारी २०२३ ला, निर्मात्यांनी पुढचं पर्व होणार नसल्याचं कळवलं. त्याच महिन्यात नेटफ्लिक्सचे टेड सॅरॅन्डोस म्हणाले की आम्ही यशस्वी मालिका कधीच बंद केलेली नाही. यश म्हणजे किती लोकांनी किती बघितलं, किती जण शेवटापर्यंत पोचले आणि त्यामानाने खर्च किती. हा तक्ता प्रेक्षकापुढे येत नाही. पूर्वी नील्सनचे आकडे निदान वर्तमानपत्रात यायचे.

मी अधूनमधून उपशीर्षकांचं काम करते. काही वर्षांपूर्वी एका तुर्की रहस्यमालिकेचं मराठी माझ्याकडे होतं. समोर इंग्रजी संहिता. एका भागाच्या शेवटी गावातली म्हातारी दारात येऊन सांगते की हे ज्याने किंवा जिने केलं, ते माणूस गावात परत आलं आहे. तुर्कीत तो, ती, ते या सगळ्यांना एकच सर्वनाम. इंग्रजीतही ती ओळ लिंग न सांगता निभावली होती. मराठीला ते परवडत नाही. 'परत आलाय' की 'परत आलीय'? 'हे करणारी व्यक्ती' म्हणावं, तर ती म्हातारी एकदम तहसील कचेरीतून आल्यासारखी वाटते. मी काम देणाऱ्यांना लिहिलं की खुनी बाई की बुवा एवढंच सांगा, बाकी काही नको. आठवड्याने निरोप आला: मूळ लेखकांनी ते अजून ठरवलेलं नाही, पुढचं पर्व मिळालं की ठरवतील. महिन्याभरात मालिका तिकडेच बंद झाली आणि मराठीचं कामही थांबलं. झालेल्या भागांचे पैसे वेळेवर मिळाले. ती फाइल अजून माझ्याकडे आहे, आणि त्या ओळीत दोन्ही रूपं मध्ये तिरकी रेघ देऊन लिहिलेली आहेत.